मार्जिन पॉझिटिव्ह आलंय. पुन्हा थोडं काढावं की पूर्ण स्तन काढावा? (नागपूर)

अंबाझरी
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचितच. आज सरळ प्रश्नच घेऊन आले. पुढच्या आठवड्यात सर्जनना उत्तर द्यायचं आहे. घरात सगळ्यांचं ठरलंय, माझंच ठरत नाहीये.

वय ४६, पाळी चालू आहे. डाव्या स्तनात गाठ निघाली. मॅमोग्राफी, बायोप्सी झाली, मग लम्पेक्टॉमी (गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढणं) आणि काखेतल्या सेंटिनेल नोडची, म्हणजे आजार पसरलाच तर आधी जिथे पोचतो त्या ग्रंथींची, तपासणी. रिपोर्ट असा: गाठ १.८ सेंमी, इन्व्हेजिव्ह डक्टल (दुधाच्या नळीतून बाहेर पसरलेला), ग्रेड २, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), हर-२ निगेटिव्ह. तीन नोड काढले, तिन्ही स्वच्छ. इथपर्यंत वाचून घरात पेढे आणायची भाषा सुरू झाली होती. खालच्या ओळीत होतं: मीडियल मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे काढलेल्या भागाच्या एका कडेपर्यंत कॅन्सर आहे. आणि खालच्या बाजूला डीसीआयएस (दुधाच्या नळीतच राहिलेला, बाहेर न पसरलेला कॅन्सर) मार्जिनपासून १ मिमीवर.

सर्जन म्हणाले, दोन रस्ते आहेत. त्याच जागी पुन्हा जाऊन आणखी थोडा भाग काढायचा आणि नंतर रेडिएशन, किंवा पूर्ण स्तन काढायचा. दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा.

सासूबाई म्हणतात एकदाचं काढून टाक, महालक्ष्म्यांच्या आत मोकळी हो. अमरावतीची ताई रोज फोन करते, जिवापेक्षा काय मोठं म्हणते. नवरा म्हणतो तुला वाटेल ते कर. तो चांगल्या मनाने म्हणतो, पण मला अजूनच एकटं वाटतं. मला स्तन वाचवावासा वाटतो आणि तसं बोलायचीही लाज वाटते, जणू मी जिवाशी खेळतेय. खरंच खेळतेय का? ज्यांनी यातलं काही अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा.

जाईजुई
ताई, आधी एक घट्ट मिठी.
माझी मास्टेक्टॉमी झालीय, उजव्या बाजूची. माझ्यात दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत गाठी होत्या आणि मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके सगळीकडे पसरलेले, त्यामुळे डॉक्टरांनीच पूर्ण काढायचा सल्ला दिला. मला पश्चात्ताप नाही. पण कोणी 'काढलं की सुटलीस' म्हणालं की मला राग येतो. सुटका अशी होत नाही. ड्रेनची बाटली कमरेला लावून घरी आले, रोज किती मिली पाणी आलं ते वहीत लिहायचे, कमी झाल्याशिवाय नळी काढत नाहीत. छातीची त्या बाजूची कातडी अजून बधिर आहे. आणि काढल्यावरही त्या जागी, कातडीत किंवा व्रणाजवळ, आजार परत येऊ शकतो. शक्यता कमी असते, शून्य नसते. हे मला ऑपरेशननंतर कळलं, आधी कळायला हवं होतं.

गोंदियाकर
मी डॉक्टर नाही, पण आईच्या वेळी पाहिलंय. रेडिएशनने माणूस आतून जळतो. त्या शेकापेक्षा काढून टाकलेलं कधीही बरं. एक घाव दोन तुकडे. ताई, घरच्यांचं ऐका.

स्लाइडवाली
गोंदियाकर, आईच्या आजारपणाचा त्रास मी समजू शकते, पण हे असंच सोडून देता येत नाही. अनेक जणी नेमक्या याच भीतीपोटी निर्णय घेतात.

मी पॅथॉलॉजीत काम करते. रोज हेच तुकडे माझ्या हाताखालून जातात, म्हणून मार्जिन म्हणजे काय ते आधी सांगते. अंबाझरी, तुमचा काढलेला भाग लॅबमध्ये येतो तेव्हा सर्जनने त्याला दोऱ्याच्या खुणा केलेल्या असतात. बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा काखेकडच्या बाजूला. त्यावरून तो गोळा शरीरात कसा बसला होता ते कळतं. मग आम्ही त्याच्या सहा बाजूंना वेगवेगळ्या रंगाची शाई लावतो, ब्रेडसारखे काप करतो आणि स्लाइडवर बघतो. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या असतील तर मार्जिन पॉझिटिव्ह. एक निरोगी पेशीही मध्ये असली आणि शाई मोकळी असली तर निगेटिव्ह. इन्व्हेजिव्ह कॅन्सरसाठी २०१४ पासून जगभर साधारण हाच नियम धरतात, 'शाईवर ट्यूमर नको' एवढाच. त्याआधी कोणी ५ मिमी मागायचं, कोणी १० मिमी, आणि त्यापायी कित्येक जणींची नको असलेली दुसरी ऑपरेशनं झाली.

२ मिमीचा नियम आहे तो फक्त डीसीआयएसच असेल तेव्हाचा. तुमच्यासारखं इन्व्हेजिव्ह आणि सोबत डीसीआयएस असेल तर शाईचाच नियम लागतो. म्हणजे खालच्या बाजूचा १ मिमी एवढ्यावरून घाबरू नका. खरा प्रश्न मीडियल बाजूचा आहे. तिथे शाईला काय टेकलंय, इन्व्हेजिव्ह की डीसीआयएस? आणि किती लांबीत? एका ठिपक्याएवढं टेकणं वेगळं आणि अर्धा सेंटिमीटरभर टेकणं वेगळं. रिपोर्टमध्ये नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारता येतं, आम्ही सांगतो. डीसीआयएस एकूण किती पसरलाय तेही विचारा. तो खूप पसरलेला असेल तर पुन्हा काढलं तरी पुन्हा पॉझिटिव्ह यायची भीती जास्त. तेव्हा पूर्ण काढण्याकडे पारडं झुकतं.

पळसफूल
स्लाइडवाली, हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

माझं मार्जिनही पॉझिटिव्ह आलं होतं, मी परत काढून घेतलं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा हलकं गेलं. त्याच व्रणातून आत गेले, ज्या बाजूला पॉझिटिव्ह होतं तिथलीच भिंत तासून घेतली, दुसऱ्या दिवशी घरी. काढलेल्या तुकड्यात कॅन्सर सापडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा असं होतं. स्तन थोडा लहान झाला आहे, आतल्या बाजूला खळगा आहे. ब्रा घातली की कळत नाही. आरशात मला कळतं.

आकाराबद्दल आधीच विचारा ताई. मीडियल म्हणजे छातीच्या मध्याकडची बाजू, तिथे मुळातच मांस कमी. तिथून आणखी काढलं तर खळगा जास्त दिसतो. ऑन्कोप्लास्टी करणारे सर्जन असतील तर बाजूचा भाग सरकवून भरून देतात.

कन्हानकाठ
गोंदियाकर यांच्या मुद्द्यावर. मी रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे.

शेक म्हणतात खरं, पण मशीनवर काही जाणवतही नाही. दोनेक मिनिटं हलायचं नाही एवढंच. त्रास होतो तो हळूहळू: कातडी लाल होते, काळवंडते, स्तनाखालच्या घडीत कधी सोलते, थकवा येतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तो भाग जपावाच लागतो, सैल सुती कपडे आणि घाम साचू द्यायचा नाही. पूर्वी ५ आठवडे, २५ वेळा यायला लागायचं. आता बहुतेकांना ३ आठवडे, १५ वेळा. २०२० साली ब्रिटनच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात आठवड्याभरात ५ वेळा देऊनही पाच वर्षांत परिणाम तोडीस तोड दिसले, त्यामुळे काही जणींना तेही देतात. वय ५० च्या आत असेल तर गाठीच्या जागेवर थोडा जास्तीचा डोस, बूस्ट, बहुधा देतात. सर्जननी त्या जागी बारीक धातूच्या क्लिपा ठेवल्या असतील तर आम्हाला ती जागा नेमकी सापडते. दुसऱ्या ऑपरेशनआधी हे सर्जनना जरूर सांगा.

तुमची डावी बाजू आहे, हृदय मागेच असतं. श्वास रोखून धरायला शिकवून रेडिएशन देतात, छाती फुगली की हृदय मागे सरकतं. ही सोय आहे का ते विचारून घ्या.

आणखी एक: मास्टेक्टॉमी केली म्हणजे रेडिएशन टळलंच असं नाही. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी असेल किंवा काखेतले नोड बाधित असतील तर पूर्ण काढूनही रेडिएशन द्यावं लागतं. अंबाझरीताई, तुमचे नोड स्वच्छ आहेत, गाठ लहान आहे, त्यामुळे तुमचं बहुधा टळेल. हा मास्टेक्टॉमीच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, तो लपवू नये.

अंबाझरी
सगळ्यांचे आभार. वाचताना पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझ्या फाइलबद्दल बोलतंय.

पण मूळ प्रश्न राहिलाच. जीव कशात जास्त सुरक्षित? ताई दर वेळी हेच विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

धरमपेठी
याचं उत्तर आहे, आणि ते जुनं आहे.

इटलीत मिलानला उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० मध्ये ७०१ स्त्रियांवर चाचणी केली. गाठी २ सेंमीच्या आतल्या, म्हणजे तुमच्याएवढ्याच. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्या जणींचा पूर्ण स्तन काढला, तोही त्या काळच्या पद्धतीने, छातीच्या स्नायूंसकट. निम्म्यांचा गाठीभोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं. २० वर्षांनी, २००२ मध्ये, हिशेब छापून आला. त्याच स्तनात आजार परत आला तो वाचवलेल्या गटात ३० जणींना, आणि काढलेल्या गटात त्या जागी ८ जणींना. म्हणजे परत येण्याची शक्यता वाचवण्यात जास्त, हे खरं. पण स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं: शंभरात २६ आणि २४, आणि हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीतही २० वर्षांनी हेच दिसलं. त्यात आणखी एक गोष्ट कळली: गाठ काढून रेडिएशन न दिलेल्यांत आजार त्याच स्तनात परत आला तो शंभरात ३९ जणींना, दिलेल्यांत १४ जणींना. म्हणून स्तन वाचवायचा तर रेडिएशन टाळता येत नाही.

ताईंना एवढंच सांगा: जिवाचं माप दोन्हीकडे सारखं आहे. स्तनातच परत आला तर तेव्हा मास्टेक्टॉमी करता येते. जीव जातो तो कॅन्सर यकृत-हाडं-फुप्फुसात पोचल्याने, आणि ते अडवायचं काम हार्मोनच्या गोळ्या, लागली तर केमो, यांचं आहे. ती औषधं गाठीच्या स्वभावावरून ठरतात, स्तन ठेवला की काढला यावरून नाही.

एक अट मात्र: हे सगळं शाई मोकळी झाल्यावरचं आहे. पॉझिटिव्ह मार्जिन तसंच ठेवून नुसतं रेडिएशन घ्यायचा विचार करू नका.

रामटेकची
बाई, मी काही शिकलेली नाही एवढी, पण सांगते. माह्या नणंदेचं झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिच्या डोक्यावर बसून काढाले लावलं. डॉक्टर म्हणत होते वाचवता येते. ती चूप राह्यली. आता बरी आहे, नातवंडं खेळवून राह्यली. पण एक दिवस मले म्हणे, वहिनी, तुम्ही मले इचारलंच नाही. तुले काय पाह्यजे ते तू बोल वं. लाज कायची? तुहं आंग हाये.

अंबाझरी
रामटेकची, तुमचं वाचून सासूबाईंना मोबाईल दिला. त्यांनी वाचलं आणि काहीच बोलल्या नाहीत, पण रात्री माझ्या ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या, तुझं तू ठरव.

जाईजुई
ताई, नुसत्या भावनेवरही जाऊ नका हं. मास्टेक्टॉमीनंतरचं रोजचं आयुष्य मी लिहिते, तेही तोलून घ्या. नागपूरच्या उन्हात सिलिकॉनचं पॅड म्हणजे छातीला चिकटलेली गरम पिशवीच. मे महिन्यात मी घरी सुती कापडात कापूस भरून शिवलेलं घालते, बाहेर जाताना सिलिकॉनचं. ते वजनाला बरं, कारण एका बाजूला वजन नसलं की खांदा उचलला जातो आणि पाठ धरते. पुनर्रचना करता येते, इम्प्लांट किंवा पोटाचं मांस वापरून. ते मोठं ऑपरेशन आहे, मी नाही केलं.

मनाचं म्हणाल तर माझ्या बाजूने एक फायदा झाला: दरवर्षीच्या मॅमोग्राफीची धास्ती निम्मी झाली, एकाच बाजूची राहिली. ज्या बाईला प्रत्येक तपासणीच्या आधी झोप लागत नाही तिला मास्टेक्टॉमी मानवू शकते. ते कारणही खरं कारण आहे.

स्लाइडवाली
जाईजुई, शंभर टक्के.

अंबाझरी, एक विचारायचं राहिलं आणि ते पहिल्यांदाच विचारायला हवं होतं. घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर? आईकडून, वडिलांकडून, दोन्हीकडून सांगा.

अंबाझरी
आई ठीक आहे. मोठी मावशी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली, पन्नाशीच्या आतच. वडिलांकडचं फारसं माहीत नाही. सर्जननी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा मी 'स्तनाचा कोणाला नाही' एवढंच सांगितलं. अंडाशयाचा याच्याशी संबंध असतो हे माहीत नव्हतं.

स्लाइडवाली
असतो. बीआरसीए नावाची दोन जनुकं आहेत, त्यात जन्मतः बिघाड असेल तर स्तन आणि अंडाशय दोन्हीचा धोका वाढतो. तो आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. तुमचं वय ५० च्या आत आणि मावशीचा अंडाशयाचा कॅन्सर, एवढ्यावर ही तपासणी करायलाच हवी. रक्त द्यायचं असतं, रिपोर्टला काही आठवडे लागतात.

इथे तुमचा प्रश्नच बदलतो. निगेटिव्ह आली तर वर सगळ्यांनी लिहिलंय ते लागू. पॉझिटिव्ह आली तर उरलेल्या स्तनात आणि दुसऱ्या स्तनात पुढे नवीन कॅन्सर होण्याचा धोका बराच जास्त, तेव्हा अनेक जणी दोन्ही स्तन काढण्याचा विचार करतात, अंडाशयांचाही प्रश्न येतो, आणि ताईलाही तपासावं लागतं. तरी तेव्हासुद्धा स्तन वाचवणं चुकीचं ठरत नाही, फक्त हिशेब वेगळा होतो. आधी पुन्हा थोडं काढून, रेडिएशन घेऊन, मग महिन्याभराने हा रिपोर्ट हातात पडला तर तिसऱ्या ऑपरेशनची वेळ येते. आणि रेडिएशन झालेल्या कातडीवर पुनर्रचना करणं अवघड जातं.

सर्जनना आजच फोन करा आणि मावशीचं सांगा. निकालासाठी थांबायचं का, किती थांबायचं, दरम्यान टॅमोक्सिफेन ही हार्मोनची गोळी सुरू करायची का, हे ते आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरची औषधं देणारे डॉक्टर) मिळून सांगतील. मुख्य गाठ निघालेली आहे. काही आठवड्यांनी बिघडत नाही, महिनोन् महिने मात्र लांबवायचं नाही.

धरमपेठी
याला जोरदार अनुमोदन. आणि जिथे सर्जन, रेडिएशनवाले, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात अशा ट्यूमर बोर्डापुढे फाइल ठेवायला सांगा. दुसरं मत घ्यायचं तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुंबईला जाणं जमत नसेल तर टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतूनही मिळतं.

गोंदियाकर
मी वर लिहिलं ते आईच्या काळजीतून होतं. तिचं रेडिएशन बरंच जुनं, तेव्हाचं मशीनही वेगळं असेल. कन्हानकाठ, तुमच्यामुळे कळलं. पण एक सांगतो, गावाकडून रोज ये-जा करणं हाही प्रश्न असतो. आईला आम्ही रोज आणू शकलो नसतो, नागपूरला खोली घ्यावी लागली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पूर्ण काढलं तर त्यांना नावं ठेवू नका.

कन्हानकाठ
नावं ठेवायचा प्रश्नच नाही. तीन आठवडे नागपुरात राहायची सोय नसणं हे मास्टेक्टॉमी निवडण्याचं अगदी रास्त कारण आहे, आमच्याकडे अशा बाया येतात. फक्त ते कारण आहे हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, कारण कधी कधी पाच दिवसांच्या वेळापत्रकात बसवता येतं आणि प्रश्नच मिटतो. मानेवाडा रोडला तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि वर्धा रोडला जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे रेडिएशन आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन येतं. रेशन कार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांना भेटा. रेल्वेतही कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत आहे, ठरलेल्या फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो.

अंबाझरी
बोलले सर्जनशी. मावशीचं ऐकून त्यांनी लगेच फाइलमध्ये लिहिलं आणि रक्त देऊन आले. निकाल येईपर्यंत ऑपरेशन थांबवलंय, पुढची तारीख धरून ठेवली आहे. मीडियल बाजूला डीसीआयएस टेकलाय, इन्व्हेजिव्ह नाही, २ मिमीच्या आसपास लांबीत. क्लिपा घातलेल्या आहेत.

बीआरसीए निगेटिव्ह आलं तर मी पुन्हा थोडं काढून घेणार आहे, आणि त्याचंही मार्जिन पॉझिटिव्ह निघालं तर मास्टेक्टॉमी. हे मी नवऱ्याला, ताईला आणि सासूबाईंना सांगितलं. बीआरसीए पॉझिटिव्ह आलं तर काय, ते तेव्हा बघेन. ताईलाही सांगितलंय की तिचं रक्त कदाचित लागेल. ती पहिल्यांदा गप्प झाली.

पळसफूल
छान केलंत. दुसऱ्या ऑपरेशनला जाताना पुढून उघडणारी मऊ ब्रा आणि पुढे बटणं असलेला गाऊन न्या, हात वर करायला लागत नाही. काखेतून तीनच नोड काढलेत, तरी खांद्याचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, खांदा आखडतो. रेडिएशनला हात डोक्यावर नेऊन झोपावं लागतं, तो वर गेलाच पाहिजे.

तुमसरहून
धागा आत्ता वाचला. माझ्या आईचं वय ६८, तिचंही मार्जिन पॉझिटिव्ह आहे, पण मागच्या बाजूचं, पोस्टेरियर लिहिलंय. सर्जन म्हणतात पुन्हा ऑपरेशनची गरज नाही. स्लाइडवाली, असं कसं?

स्लाइडवाली
असू शकतं. पहिल्याच वेळी सर्जन छातीच्या स्नायूवरच्या आवरणापर्यंत गेले असतील तर त्यामागे स्तनाचा भागच उरलेला नसतो, पुन्हा काढायला काही नसतं. पुढच्या बाजूला थेट कातडीखालपर्यंत काढलं असेल तरी तसंच. ऑपरेशन नोटमध्ये आवरणही काढल्याचं लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना ती नोट आणि हा रिपोर्ट दोन्ही दाखवा, बूस्ट द्यायचा का ते त्यावरून ठरवतील. लिहिलं नसेल तर सर्जनना विचारा, आईला सोबत घेऊन जा.